जाऊन येते

१

दुपारी पावणेचारला चहाचं आधण ठेवायचं आणि चारच्या ठोक्याला डायरी उघडायची, हा दिगंबरचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. श्रूजबरीच्या या घरात सामान हललं त्या दिवशीसुद्धा त्याने एका बंद खोक्यावर बसून डायरी लिहिली होती. लिहायचं काय, तर बाहेरचं तापमान, बॉयलरचा दाब, कोणाचा फोन आला, अंगणात बर्फ किती इंच. उभी हयात एका कारखान्यात रबरी नळ्यांची जाडी तपासण्यात गेलेली. मोजलेलं लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही, ही तिथली शिस्त त्याच्या हाडीमाशी भिनली होती. त्याची बायको सुलभा म्हणायची, "तुमच्या डायरीत सगळं असतं हो. फक्त माणसं नसतात."

सुलभाला जाऊन पाच महिने झाले होते. डायरीत त्याचीही नोंद होती. "१ जून. सुलभा गेली, ५:१०. बाहेर ५८ अंश फॅरनहाइट, ढगाळ."

१० नोव्हेंबरला चहा उकळत असताना पायाखालून आवाज आला. कट्. मग बऱ्याच वेळाने पुन्हा कट्. खाली बेसमेंटमध्ये बॉयलर होता, त्याचे पाइप होते, आणि थंडी सुरू झाली की पाइप कुरकुरतात हे त्याला माहीत होतं. त्याने लिहिलं, "३:४५. खालून कट् कट्. पाइप?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. या खेपेला त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. दोन आवाजांमध्ये पंचवीस सेकंद, कधी सव्वीस. बारा वेळा कट्, आणि मग काही नाही. पाइप कुरकुरतो खरा, पण बारा झाले म्हणून थांबत नाही.

शिवाय तो आवाज ओळखीचा होता. कसला ते आठवेपर्यंत कपातला चहा गार झाला.

२

सुलभाला या देशात येऊन पाच-सहा महिने झाले असतील, तेव्हाची गोष्ट. नोकरी करायला परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, म्हणून ती चालत गावच्या लायब्ररीत जायची. तिथल्या रद्दीच्या टेबलावर तिला एक जुनं चित्रांचं पुस्तक सापडलं. इटलीच्या उत्तरेकडचं एक शहर, बोलोन्या. पुण्यात कधी ऐकलं नव्हतं, कोणी नातेवाईक तिकडे नव्हतं. तिला ते का आवडलं, हे दिगंबरने कधी विचारलं नाही. पुढे तीस वर्षं तिने ते शहर घरबसल्या पाठ केलं. नकाशे जमवले, शब्दकोश घेऊन इटालियन वाचायला शिकली, वह्या भरल्या.

एकदा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिने त्यावर भाषणही दिलं होतं. लॅपटॉपची बटणं दाबायला दिगंबर होता. शेजारी शेजारी उभे असलेले, दोन दिशांना कललेले दोन मनोरे तिने दाखवले. भिंतीतली एक चिमुकली खिडकी दाखवली. ती उघडली की पलीकडे रस्ता नाही, कालव्याचं पाणी. मग चौकातल्या जुन्या वाड्याखालची घुमटाच्या छताची एक चौकोनी जागा. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं, की तिरप्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं.

"जुन्या काळी महारोग्यांचे कबुलीजबाब तिथे घ्यायचे म्हणतात," सुलभा म्हणाली होती. "रोगी एका कोपऱ्यात, पाद्री दुसऱ्यात. दोघांची एकमेकांकडे पाठ. तोंड वळवलं की संपलं, मग काही ऐकू येत नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की!" मागच्या रांगेतून त्यांचा मित्र एकनाथ ओरडला होता, आणि हॉल हसला होता.

आणि सगळ्यात शेवटी सान लुका. डोंगरावरचं देऊळ, मेरीच्या चित्राचं. शहराच्या सारागोत्सा वेशीपासून थेट त्या देवळापर्यंत छताखालून जाणारा रस्ता, जवळजवळ चार किलोमीटर, सहाशे सहासष्ट कमानींचा. अंकुर, त्यांचा मुलगा, तेव्हा शाळेत होता. तो म्हणाला होता, "आई, दॅट्स द डेव्हिल्स नंबर." सुलभा म्हणाली होती, "असेना. आपल्याला पायांनी मोजायचाय."

"पुढच्या वर्षी जाऊ," असं दिगंबर दर वर्षी म्हणायचा. एका वर्षी कारखान्यात माणसं कमी केली. एका वर्षी स्वयंपाकघर नवीन केलं. एका वर्षी त्याची कंबर. मग साथ आली. मग सुलभाचंच दुखणं निघालं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. बाहेर बर्फ, म्हणून ती बेसमेंटमध्ये भिंतीकडेने फेऱ्या घालायची. एक फेरी म्हणजे एक कमान. जिन्याच्या तळाशी तिने खडूने लिहिलं होतं, 'सारागोत्सा वेस'. ताकद असेल त्या दिवशी पावणेचारला फार तर बारा कमानी, त्याहून जास्त दम टिकायचा नाही. मोजायला बोटात घालायचं जपाचं यंत्र होतं. प्रत्येक कमानीला एकदा दाबायचं. कट्.

खाली उतरताना जिन्याच्या तोंडाशी ती म्हणायची, "जाऊन येते." या घरात 'जाते' असं कोणी म्हणायचं नाही. अंकुर लहान असताना दारातून "आय ॲम गोइंग, जातो!" म्हणून ओरडला की ती त्याला परत बोलवायची. "जातो नाही म्हणू. येतो म्हणावं." आणि घरात राहिलेल्याने म्हणायचं, "ये."

३० मेला ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हाही ती म्हणाली होती, "येते." दिगंबर मागून गाडीने जाणार होता, किल्ली शोधत होता. तो न बघताच म्हणाला होता, "ये."

आदल्या दिवशीची डायरी त्याने आता काढून बघितली. "२९ मे. सुलभा, कमान ४१२."

मग तो जिना उतरला. जपाचं यंत्र तिने टांगलं होतं त्याच खिळ्याला लटकत होतं, खांबावर. धूळ बसली होती. काचेवर आकडा होता, ४३६.

दोन दिवस. बारा आणि बारा.

३

नीना सुलभाची मैत्रीण. मूळची नागपूरची, चार घरं पलीकडे राहायची. शुक्रवारी ती डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी चपला न काढता स्वयंपाकघरात शिरली.

"दिगंबरभाऊ, हे वांग्याचं भरीत. आणि त्या दिवशीचा डबा द्या माझा. दोन डबे अडकलेत तुमच्याकडे, मी काय भांडी वाटायला बसले का?"

त्याने डबा धुऊन दिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते जपाचं यंत्र तुम्हीच दिलं होतं ना सुलभाला?"

"मीच. म्हटलं नाव घे देवाचं. तर ही बाई कमानी मोजते! का हो?"

"त्याचा आकडा आपोआप पुढे जातो का? सेल जुना झाला की वगैरे?"

"आपोआप? न बाप्पा. उलट दाबलं तरी कधी कधी जात नाही. आणि मागे तर मुळीच येत नाही. एकदा जास्तीचं दाबलं गेलं की बसा. एक तर ती चूक घेऊन पुढे चला, नाहीतर सगळं पुसून पहिल्यापासून. मी किती वेळा वैतागले." ती खुर्चीवर बसली. "तिला जायचं होतं हो. तिकिटं आली तेव्हा मला दाखवायला धावत आली होती, चप्पल उलटी घालून. डॉक्टर नकोच म्हणाले, त्याला कोण काय करणार?"

दिगंबर डब्याचं झाकण पुसत राहिला.

डॉक्टर नको म्हणाले नव्हते. बोलोन्याची मे महिन्यातली तिकिटं होती, आणि एप्रिलमध्ये सुलभा कपडे बदलत असताना डॉक्टर त्याला बाहेर म्हणाले होते, जायचं असेल तर आत्ताच जा, पुढे सांगता येत नाही. त्याने मान हलवली. घरी येऊन त्याने तिला सांगितलं, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. आणि तिकिटं कॅन्सल केली.

का? भीती वाटली म्हणून, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. परक्या देशात काही झालं असतं म्हणून. पण डायरीत तो खोटं लिहीत नसे. १६ एप्रिलच्या पानावर बारीक अक्षरात होतं, "डॉक्टर म्हणाले जा. मी नको म्हटलं. विमान बदलायचं, सामान, खुर्ची, रांगा. कंटाळा आला."

ते पान तिने वाचलं असेल का, हा एकच प्रश्न त्याने गेल्या सात महिन्यांत कुठेही लिहिला नव्हता.

४

तो तपासणीचा माणूस होता. त्याने तपासलं.

यंत्र वर आणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. पावणेचारला आवाज खालूनच आला, आणि ड्रॉवरमधला आकडा बाराने वाढला. बेसमेंटच्या दाराला कडी घातली, फरक नाही. १७ नोव्हेंबरला त्याने यंत्राचा सेल काढून खिशात ठेवला. काच कोरी झाली. खालून बारा वेळा कट् झालं. सेल परत घातला की असलं यंत्र शून्यावर यायला हवं. त्याने घातला. ५०८.

त्याने यंत्र पुन्हा खिळ्याला टांगलं.

आश्चर्य असं, की त्याला भीती वाटत नव्हती. बारा-बाराने चाललंय ना, मग हिशोब सोपा होता. १ डिसेंबरला सहाशे सहासष्ट भरत होते. ती राहिलेलं चालतेय, एवढंच. चालू दे. तो पावणेचारला टेबलाशी बसायचा, आवाज मोजायचा, डायरीत खूण करायचा. कधी कधी एक आवाज जरा उशिरा यायचा, आणि तो मनात म्हणायचा, दम लागला असेल, आता चढ आहे.

१ डिसेंबरला दोनच वेळा कट् झालं. ६६४ चे ६६६. मग शांतता.

त्याने साजूक तुपातला शिरा केला, सुलभाच्या फोटोपुढे ठेवला, आणि त्याला रडू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. अंकुर आता एडिसनला राहायचा, त्याला फोन लावला.

"आई पोचली," तो म्हणाला.

पलीकडे काही क्षण टायपिंगचा आवाज थांबला. "बाबा, आर यू ओके? ख्रिसमसला इकडे या. मी तिकीट काढतो."

"अरे, मी बरा आहे. उलट आज बरं वाटतंय."

आणि खरंच वाटत होतं. तिची राहिलेली गोष्ट तिची तिने पुरी केली. त्याने काही सांगायची गरज उरली नाही.

आठ दिवस पावणेचारला घरात चहा उकळायचा आवाज तेवढा होता.

५

१० डिसेंबरला पुन्हा कट् झालं.

या वेळी लवकर लवकर. बारावर थांबलं नाही. अठरा.

तो जिना उतरला. उतरताना त्याला वाटत होतं ६८४ असणार, आणि ६८४ ला काही अर्थच नाही, सहाशे सहासष्टच्या पुढे रस्ता नाही, म्हणजे यंत्रच बिघडलंय. तसं असतं तर त्याला किती बरं वाटलं असतं.

काचेवर ६४८ होते.

मागे तर मुळीच येत नाही, नीना म्हणाली होती. त्याने यंत्र हातात घेतलं, एकदा दाबून पाहिलं. ६४९ झाले. त्याने ते खिळ्याला अडकवलं आणि तिथेच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता, कट् झालं. ६४८.

जिन्याच्या पायरीवर बसल्यावर त्याला मंडळाच्या हॉलमधली सुलभा आठवली, हातात काठी, मागे पडद्यावर डोंगर चढत गेलेल्या कमानी. "सगळ्यांना वाटतं हा रस्ता वर जाणाऱ्यांसाठी आहे," ती म्हणाली होती. "पण तसं नाही. दर वर्षी मे महिन्यात देवीचं चित्र वाजतगाजत खाली शहरात आणतात. ती पावसात भिजू नये म्हणून एवढं छत घातलं. आपल्याकडे गौरी येतात ना, तसं. हा रस्ता जायला नाही, यायला बांधलाय." मग ती दिगंबरकडे वळून म्हणाली होती, "पुढचं चित्र घ्या हो. ऐकताय का?"

तो ऐकत नव्हता. पण कानावर पडलेलं राहतं.

डायरीत त्याने भागाकार मांडला. सहाशे सहासष्ट भागिले अठरा, बरोबर सदतीस. बाकी शून्य. उतारावर पावलं भरभर पडतात. १५ जानेवारीला ती वेशीशी येत होती. वेस म्हणजे जिन्याचा तळ. तिच्या वहीत घराचा नकाशा होता, गमतीने काढलेला. बेसमेंट म्हणजे डोंगराचा रस्ता, जिना म्हणजे वेस, आणि वर स्वयंपाकघराच्या जागी तिने लिहिलं होतं, 'मुख्य चौक. इथे सगळे भेटतात.'

तो त्याच चौकात, टेबलाशी बसला होता.

येते, ती म्हणाली होती. आणि त्याने म्हटलं होतं, ये.

६

अंकुरकडे तो २३ डिसेंबरला गेला. एडिसनला पावणेचारला काही ऐकू आलं नाही. पहिले दोन दिवस त्याला झोप लागली. घर विकावं, इथेच कुठेतरी भाड्याने राहावं, असंही त्याने बोलून दाखवलं.

"सेल इट, बाबा. आय मीन इट," अंकुर म्हणाला. दोघं ओक ट्री रोडवरून भाजी घेऊन परतत होते. अंकुर ड्राइव्ह करत होता, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरत होता. मग तो ताल थांबला. "बाबा, एक विचारू? तुम्ही ती ट्रिप का कॅन्सल केली?"

"डॉक्टर नको म्हणाले."

"नो, ही डिडन्ट."

सिग्नल लाल होता. दिगंबर समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत राहिला.

"हॉस्पिटलचं ॲप असतं ना, त्यात व्हिजिट नोट्स येतात. डॉक्टर जे बोलतो ते सगळं टाईप करून टाकतात. आईच्या फोनवर मीच सेट करून दिलं होतं. शी रेड एव्हरीथिंग, बाबा. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला. 'पेशंट मे ट्रॅव्हल, डिस्कस्ड विथ हजबंड.' एप्रिलमध्ये."

"मग ती मला बोलली का नाही?"

"मी म्हटलं, मी विचारतो बाबांना. आय वॉज सो मॅड. तर म्हणाली, विचारू नकोस. त्यांचं ते सांगतील." सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला. "मी म्हटलं, हाऊ लाँग विल यू वेट? तर हसली. म्हणे, मला काय, मी चालतेच आहे."

एप्रिलपासून २९ मेपर्यंत. बारा बारा कमानी, आणि त्याच्या पायाखाली कट्, कट्. आणि तो वर चहा पीत डायरीत आकडा मांडत होता.

२८ ला तो श्रूजबरीला परत आला. अंकुरने पुष्कळ अडवलं. पण आकडे बघायचे राहिले होते, आणि डायरीत पाच दिवस कोरे होते. ते त्याला सहन होईना. खिळ्याला ३२४ होते. अगदी हिशोबाप्रमाणे. डोंगर संपत आला होता, पुढे सगळी सपाटी.

७

संक्रांतीला नीना तिळगूळ घेऊन आली.

"घ्या, गोड बोला. तुमच्याकडून तेवढंही जड जाणार म्हणा." तिने डबी टेबलावर ठेवली, त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काय हो, जेवता का नाही? गालफडं बसलीत."

"जेवतो."

"आमच्याकडे चला राहायला दोन दिवस. एकनाथसुद्धा येणार आहे, पत्ते कुटू."

त्याच्या तोंडून 'चला' निघतच होतं. तेवढ्यात पावणेचार झाले.

नीनाने मान कलती केली. "खाली मशीन लावलंय का? काहीतरी कट् कट् करतंय."

"तुम्हाला येतंय ऐकू?"

"बहिरी आहे का मी? ड्रायरमध्ये बटण-बिटण अडकलं असेल, बघा जाऊन." ती उठली. दारापर्यंत गेली, परत वळली. चेहऱ्यावरचं हसू जरा सैल पडलं होतं. "दिगंबरभाऊ, ते वाजतंय की चालतंय?"

त्याची बोटं टेबलावर मोजत होती. ती तशीच बाहेर पडली, आणि त्याने पाहिलं, डबी न घेता, मफलर न गुंडाळता, बर्फातून ती जवळजवळ धावत घरी गेली.

राहायचं बोलावणं तिने पुन्हा केलं नाही. खाली आकडा होता १८.

८

१५ जानेवारी. त्याने चहा ठेवला नाही. तीन चाळीसला तो बेसमेंटमध्ये उतरला, बॉयलरजवळच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हा कोपरा सुलभाने निवडलेला होता. त्या भाषणाच्या आधी तिने त्याला इथेच उभं केलं होतं, आणि स्वतः तिरप्या कोपऱ्यात, जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून काहीतरी कुजबुजली होती. "आलं का ऐकू?" "नाही." "बरोबर. सपाट छताखाली येत नाही. घुमटच लागतो." काय म्हणालीस, हे त्याने विचारलं नव्हतं.

काँक्रीटला नाक टेकेल इतका तो जवळ होता. पाऊण तास वाटावा अशी पाच मिनिटं गेली.

जिन्याखालून पावलं निघाली. सपाता घासत चालल्यासारखी. डावीकडच्या भिंतीने, वॉशिंग मशीनच्या पुढून, त्याच्या पाठीमागून. मागून जाताना त्याच्या मानेवर हवा हलली, सुलभाच्या अमृतांजनाचा वास आला, आणि पावलं पुढे गेली. कट्.

"डॉक्टर जा म्हणाले होते," दिगंबर भिंतीला म्हणाला.

फेरी. कट्.

"मी तुला खोटं सांगितलं."

फेरी. कट्. पावलांचा वेग ना वाढला ना कमी झाला. ती ऐकतेय की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यालाच हसू यावं असा एक विचार त्याच्या मनात आला, की ती बोलायची तेव्हा तिलाही हेच वाटत असेल.

"भीती वगैरे काही नव्हती. कंटाळा आला होता. एवढंच होतं ते. तीस वर्षं एवढंच होतं."

कट्. तो मोजत होता. न मोजणं त्याला जमलंच नसतं. चौदा. पंधरा. दर वेळी वास जरा जवळून. सोळा. सतराव्या फेरीला पाठीमागे पावलं क्षणभर थांबली, आणि त्याने डोळे मिटून घेतले. मग ती पुढे गेली. अठरा.

आता ती जिना चढणार. त्याने पायरी वाजायची वाट पाहिली. पायरी वाजली नाही. पावलं जिन्याखाली, आपल्या कोपऱ्यात गेली आणि तिथे थांबली.

मग दिगंबरने तो शब्द उच्चारला. या घरात तो कोणी कोणाला निरोप देताना म्हटला नव्हता. पण दुसरा शब्द त्याला सुचेना. हात जोडून, ओल्या भिंतीला कपाळ टेकवून तो कुजबुजला, "जा. सुलभा, आता जा."

घुमट नव्हता. छत सपाट होतं. तरी उत्तर आलं, थेट कानाच्या पाळीशी, रागाचा लवलेश नसलेलं, भाजी चिरता चिरता बोलावं तसं.

"पुढच्या वर्षी जाऊ."

तो गर्रकन वळला.

जिन्याखाली अंधार नव्हता. खिडकीतून बर्फावरचं उरलंसुरलं ऊन येत होतं. तिथे राखाडी स्वेटर होता. त्यात पाठ होती. विरळ केसांवर बांधलेला रुमाल होता, आणि भिंतीकडे वळलेलं ते डोकं बोलताना हलावं तसं हलत होतं. थांबत होतं, पुन्हा हलत होतं. ती अजून बोलत होती. पुष्कळ काही सांगत होती. आणि तोंड वळवल्यामुळे त्याला त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.

तिच्या डोक्यावरूनच जाणारा जिना चढून तो वर कसा आला, ते त्याला आठवत नाही. खिळ्याकडे त्याचं लक्ष गेलं होतं एवढं आठवतं. खिळा रिकामा होता.

९

स्वयंपाकघरात डायरी उघडी होती. तिच्या उजव्या पानावर, तो पेन ठेवायचा त्या जागी, जपाचं यंत्र होतं. काचेवर आकडा होता, ३६५.

१६ जानेवारीला दुपारी पावणेचारला एकदाच कट् झालं. खालून नाही, टेबलावरून. ३६४.

त्याने तारीख घातली, तापमान लिहिलं, आकडा लिहिला. खाली भागाकार मांडण्यासारखं काही नव्हतं, दिवसाला एक. मग उठून कपाटातली फाईल काढली आणि आपला पासपोर्ट उघडून पाहिला. मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत होती.

पुरत होती.